चालक, वाहक आणि साक्षीदार

तेंडुलकरांच्या ‘कमला’त (1981) पत्रकार जयसिंग बाजारातून बाई विकत आणतो. त्याच्या पुरुषी अहंकारावर आपण परीक्षेत पाने भरतो. विकलेले माणूस नेले कसे जाते, वाटेत त्याला कोण पाहते, हा प्रश्न मात्र आपल्याला वाङ्मयीन वाटत नाही.

पाहतो तो चालक. निगडी-चाकण पट्ट्यातला ट्रकवाला आपल्या कल्याणकारी भाषेत शिरला तोही एचआयव्हीचा संभाव्य ‘वाहक’ म्हणून; साक्षीदार म्हणून नव्हे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील प्रशिक्षणात प्रथमोपचार आहेत. संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेला माणसांचा अपव्यापार ओळखण्याचा धडा नाही. तो हवाच. एकटी बाई दिसली की संशय घ्या, हा तो धडा नव्हे (तो समाजाने फुकट शिकवलेला आहे). मुलीचे ओळखपत्र सोबत्याच्या खिशात, मुक्कामाचे गाव तिला ठाऊक नाही, तिला विचारलेल्याचे उत्तर तोच देतो, या खुणा. मग 112, मुलांसाठी 1098. आणि खबर देणाऱ्याची गाडी दिवसभर चौकीपुढे अडकणार नाही, याची लेखी हमी. नाहीतर फोन कोण करील?

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांनी यावर नाक मुरडू नये. ‘एजन्सीची मुलगी’ अखेर अशाच दारांत टॅक्सीतून उतरते. फाटकावर गाडीचा क्रमांक लिहिला जातो. तिचे वय कुणी विचारत नाही.