डिप्लोम्यानंतर समाजकार्याची पदवी : आपल्या मुलींनी ही वाट का धरावी?



या पानावर आपण रक्तदाब, साखर, टी.बी., बाळंतपण अशा विषयांवर वाचत असता. या वेळी आम्ही शिक्षणावर लिहीत आहोत. हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी शिरूरजवळच्या एका वस्तीतील ताईंचा नवरा, ठेकेदाराकडे कामाला असलेला, अचानक गंभीर आजारी पडला. त्याला पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात नेले. आम्ही दोघी सोबत होतो. दोघीही जी.एन.एम. झालेल्या, अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केलेल्या. डॉक्टर काय बोलतात ते आम्हाला कळत होते आणि आम्ही ताईंना समजावून सांगत होतो. काउंटरवर अनामत रक्कम मागितली. ताईंनी कानातले मोडले, दिराने व्याजाने पैसे आणले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भावाने विचारले, "तुम्ही खाली समाजसेवकाकडे अर्ज दिला नाही का?" ते रुग्णालय धर्मादाय होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. काउंटरवर हे कुणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. कारण आम्हाला माहीतच नव्हते. इतकी वर्षे दवाखान्यात काढून माहीत नव्हते. माणूस वाचला, पण त्या घरावरचे कर्ज फिटायला दोन वर्षे लागली.

सलाईन लावता येणे ही एक विद्या आहे आणि गरिबाला त्या खाटेपर्यंत पोहोचवणे ही दुसरी, हे आम्हाला त्या दिवशी कळले. दुसरी विद्या शिकायची म्हणून आम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा वह्या घेतल्या आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., केली. ती वाट कशी आहे, तिच्यात खाचखळगे कुठे आहेत आणि तरीही आपल्या मुलींनी ती का धरावी, हे इथे मांडत आहोत.

समाजकार्य ही काही परक्यांनी आपल्याला शिकवलेली गोष्ट नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या आणि त्यातच १० मार्चला त्यांचे निधन झाले. आपल्या दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी त्याच काळात दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना आसरा दिला. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि वसतिगृहे, वाचनालये यांपासून कामाला सुरुवात केली. यांपैकी कुणाकडेही समाजकार्याची पदवी नव्हती. मग आज ती कशाला हवी?

ती हवी, कारण आज ज्या खुर्चीवर गरिबाचा कागद अडतो किंवा सुटतो, त्या खुर्चीसाठी ही पदवी मागतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतो. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रातील समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समाजसेवक, कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक, बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी या जागांसाठीही बहुधा हेच शिक्षण लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त आपली किती माणसे घाम गाळतात ते मोजा, आणि कल्याण अधिकाऱ्याच्या खुर्चीवर आपल्या वस्तीतील किती मुली बसल्या आहेत तेही मोजा. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने तर वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजसेवकांना आरोग्य व्यावसायिकांतच धरले आहे. म्हणून हा विषय आरोग्याच्याच पानावरचा आहे.

नर्सने समाजकार्य शिकावे यात नवल नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आले, की गरीब रुग्णाला विश्रांती आणि चांगला आहार लिहून देऊन उपयोग नाही, कारण त्याच्या घरी दोन्ही नाही. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयात समाजसेवेचे काम सुरू केले. ते काम पहिल्यांदा गार्नेट पेल्टन या नर्सने हाती घेतले. त्यांच्यानंतर ते उभे केले आयडा कॅनन यांनी. त्याही आधी नर्स होत्या आणि समाजकार्याचे शिक्षण घेऊन आल्या होत्या. आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला १९४६ साली. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देते.

आता शिकवतात काय ते सांगतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, संस्थेचे प्रशासन आणि सामाजिक कृती या त्यातील मुख्य पद्धती. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असते. म्हणजे रुग्णालयात, वस्तीत, शाळेत किंवा कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचे, त्याचा अहवाल लिहायचा आणि तो शिक्षकांसमोर मांडायचा. शिवाय एक शोधप्रबंध.

यातून आमच्यात काय बदलले? एक उदाहरण देतो. दौंडच्या एका वस्तीत एका मुलीने टी.बी.च्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. नर्स म्हणून आम्ही तिला आधी रागावलो असतो. "गोळ्या सोडल्यास तर आजार वाढेल, घरात पसरेल," एवढे सांगून वहीत खूण केली असती. या वेळी आम्ही तिच्याजवळ बसलो आणि दिवस कसा जातो ते विचारले. पहाटे कंपनीची गाडी येते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळते. गाडीत उलटी झाली तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणतो. आजार कळला तर काम जाईल ही भीती वेगळीच. निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यावर येत होते, पण खाते नवऱ्याच्या हातात होते. औषध तेच, रुग्ण तीच, प्रश्न मात्र पाच निघाले. गोळ्यांची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलून घेतली, सासूला विश्वासात घेतले, तिचे स्वतःचे खाते काढून दिले. मुलीने औषधाचा कोर्स पूर्ण केला. हे कौशल्य मनाच्या चांगुलपणाने येते असे आम्हाला पूर्वी वाटायचे. चांगुलपणा तर लागतोच, पण विचारायचे कसे, ऐकायचे कसे आणि नोंद कशी ठेवायची हे शिकावे लागते.

या शिक्षणावर चळवळीतले आपलेच बांधव दोन आक्षेप घेतात.

पहिला आक्षेप : पदवी घेतली की कार्यकर्ती एन.जी.ओ.ची नोकर होते, मोर्चाला येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. प्रकल्पाचा निधी संपला की वस्ती विसरणारे पदवीधर आम्हीही पाहिले आहेत. आमच्या वर्गात तर "वस्ती" हा शब्द असा उच्चारला जायचा, की जणू आम्ही तिथे तपासायला आलेलो आहोत आणि तिथून आलेलो नाही. पण यावर उपाय आपण दूर राहणे हा नाही. टाटा संस्थेत आज दलित आणि आदिवासी अध्ययनाची स्वतंत्र शाखा समाजकार्याच्या पदवीत आहे. आपली मुले आत गेल्याशिवाय अभ्यासक्रमात जातीचा प्रश्न आला नसता. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. तेच शिक्षण घेऊन १९२८ साली ते मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या बाजूने उभे राहिले आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. शिकलेला माणूस चळवळ सोडतो की चळवळीला धार देतो, हे त्याच्या पाठीशी समाज किती उभा राहतो यावर ठरते.

दुसरा आक्षेप पैशाचा : इतके शिकून पगार किती? इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. बऱ्याच जागा अकरा महिन्यांच्या कराराच्या असतात आणि पगार अपुरा असतो. कायम नर्सचा पगार पुष्कळदा त्याहून बरा असतो. म्हणून ज्या मुलीवर घर चालते तिने हातातली नोकरी सोडून या वाटेला लागू नये. नोकरी सांभाळून शिकता येईल का, ते आधी पाहावे. पण नर्सिंग आणि समाजकार्य ही दोन्ही शिक्षणे एका माणसाकडे असतील तर रुग्णालयात तिचे म्हणणे ऐकले जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता डिप्लोमावाल्या भगिनींसाठी महत्त्वाचे. जी.एन.एम. ही पदवी नाही, पदविका आहे. तिच्यावर थेट एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश मिळत नाही. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा हे खिडकीवर कळले आणि तसेच परत आलो. आधी कोणतीही पदवी हवी. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. दुसरी, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. आम्ही दुसरी धरली. रात्रपाळी, घर आणि अभ्यास यात तीन वर्षे गेली, पण नोकरी सुटली नाही. बारावी झालेल्या मुलींना आधी बी.एस.डब्ल्यू. आणि मग एम.एस.डब्ल्यू. अशीही वाट आहे. पदवी हातात असेल आणि रोज कॉलेजला जाणे शक्य नसेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.एस.डब्ल्यू. आहे. त्यातही क्षेत्रकार्य करावेच लागते.

शिरूरच्या मुलींना एस.टी.ने पुणे आणि अहिल्यानगर दोन्ही गाठता येतात. दौंड तर जंक्शनच आहे, तिथून दोन्हीकडे रेल्वे जाते. पुण्यात कर्वे संस्था आणि अहिल्यानगरला सी.एस.आर.डी. ही समाजकार्याची महाविद्यालये आहेत. "क्षेत्रकार्य नाही, हजेरी नाही, घरबसल्या पदवी" असे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत आहे का, ते प्रवेशाआधी तपासा. तशी पदवी भरतीच्या वेळी नाकारली गेली तर पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

कागदपत्रांची तयारी एक वर्ष आधी सुरू करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे तीन कागद आधी हातात घ्या. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. त्या कशा मिळवल्या हे आपले वडीलधारे जाणतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

तरीही पैसे वेळेवर येत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी येथे संप केला तो याच प्रश्नावर. शिष्यवृत्तीधारकांची फीमाफी काढून घेतली होती. आधी भरा, मग परत घ्या, हे म्हणणे सोपे आहे. ज्या घरी आधी भरायलाच नाही, ते घर दारातूनच परत फिरते.

म्हणून आमचे म्हणणे शेवटी विहाराच्या मंडळांपुढे आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत जयंतीला डीजेवर आणि फ्लेक्सवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग बाजूला काढा. प्रत्येक मंडळाने वस्तीतील एका मुलीची पहिली फी उसनी द्यावी आणि शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यावी. दान नको, उसने पुरे. तिच्याकडून एक वचन मात्र घ्या. शिकत असताना आणि नंतरही महिन्यातून एक रविवार तिने विहारात बसावे आणि लोकांचे दवाखान्याचे, शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे कागद पाहावेत. आमच्या वस्तीत आम्ही हे सुरू केले आहे. पहिल्या रविवारी चारच माणसे आली होती. आता चटई पुरत नाही.

ज्या ताईंपासून आम्ही सुरुवात केली, त्यांची थोरली मुलगी यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्या रुग्णालयात खालच्या मजल्यावर जे टेबल होते ना, मला तिथे बसायचे आहे." त्या टेबलापर्यंत तिला पोहोचवणे हे आपले सर्वांचे काम आहे.

जय भीम! जय संविधान!