जेवणाची वाटी संग्रहालयात

क्योटोजवळच्या ओयामाझाकी गावी आम्ही सहकुटुंब गेलो. शोतारो कागा या उद्योगपतीचा टेकडीवरचा जुना बंगला पाडून तेथे सदनिका बांधण्याचा बेत होता. रहिवाशांनी विरोध केला, बंगला वाचला. १९९६ साली तेथे कलासंग्रहालय उघडले.

तादाओ आंदो यांनी रचलेल्या भूमिगत दालनात मोने यांची कमळचित्रे आहेत. आम्ही रेंगाळलो ते मातीच्या भांड्यांपाशी. लेक म्हणाली, "ही तर जेवायची वाटी! इथे कशी?"

याच वाटीसाठी सोएत्सू यानागी आणि शोजी हामादा, कांजिरो कावाई या कुंभारांनी १९२५ साली 'मिंगेई' हा शब्द घडविला. अर्थ, लोकांची कला. अनामिक कारागिरांच्या रोजच्या वस्तूही सुंदर असतात, हे त्यांनी ठामपणे सांगितले. हाताला मान मिळाला, की वाटीही कलाकृती ठरते!