मैत्रीची भाषा कोणती?

दोन संस्कृतींमधील मैत्रीचा विषय निघाला की समीक्षेत 'सेतू' हा शब्द हमखास येतो. वर्गात तो आम्हीही वर्षानुवर्षे वापरला. आता मात्र तो उच्चारताना आम्हांस संकोच वाटतो. त्याचे कारण ग्रीनलंडमधील दोन बालमित्र.

यर्गन ब्रनलुंड (जन्म १८७७) हा इन्युइट मुलगा आणि क्नुड रासमुसेन (जन्म १८७९) हा डॅनिश मिशनऱ्याचा मुलगा. क्नुडच्या आईकडून ग्रीनलंडचा वारसाही त्याला लाभला होता. पश्चिम किनाऱ्यावरील इलुलिसात येथे दोघे एकत्र वाढले. सवंगड्यांची भाषा आणि कुत्र्यांची घसरगाडी हाकणे क्नुड तिथेच शिकला. पुढे १९०२ ते १९०४ या काळात मूलियुस-एरिक्सन यांच्या 'साहित्यिक मोहिमे'त दोघेही होते. त्या अनुभवावर पुस्तक लिहून रासमुसेन नावारूपास आले.

ब्रनलुंड यांच्या वाट्याला वेगळे आले. मूलियुस-एरिक्सन यांच्याच पुढच्या मोहिमेत, १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये, ईशान्य ग्रीनलंडच्या हिमात दोन्ही सहकारी दगावल्यावर ते एकटे उरले. पाय हिमदंशाने निकामी झाले असताना सहकारी हागन यांचे नकाशे घेऊन ते अन्नसाठ्याच्या ठिकाणापर्यंत पोचले आणि तिथेच मरण पावले. १९०८ साली त्यांची रोजनिशी सापडली. ती ग्रीनलंडच्या भाषेत होती; सहकाऱ्यांचे मृतदेह कुठे आहेत हे सांगणारी अखेरची नोंद मात्र डॅनिशमध्ये.

या नोंदीकडे केवळ निष्ठेची खूण म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. आमच्या मते हे लेखकाचे भान आहे. आपल्याला शोधत कोण येणार आणि ते कोणती भाषा वाचणार, हे या माणसाने मरणाच्या दारात ओळखले. वाचकापर्यंत पोचण्यासाठी त्याला शेवटच्या पानावर स्वभाषा सोडावी लागली. त्याच्या मित्राची ग्रंथकीर्ती मात्र डॅनिशमध्येच उभी राहिली.

ही मैत्री खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. रासमुसेन यांनी पुढे टिपलेल्या इन्युइट कथांच्या मुळाशी बालपणी मिळालेली तीच भाषा आहे. परंतु 'सेतू' म्हटले की कोण किती चालून आला, हा हिशेब झाकला जातो. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही आता एवढेच विचारतो : या मैत्रीची कथा कोणी लिहिली, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी?