परक्याची मदत व आपला बाजार

‘परदेशची मदत’ हे शब्द निघाले कीं आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, परक्याच्या पैशानें आपल्या घरचें दुःख दूर करून घेणें हा स्वाभिमानी राष्ट्रास कमीपणा होय. दुसरा पक्ष म्हणतो, पैसा कोठूनहि येवो, भुकेल्याच्या पोटांत अन्न पडलें म्हणजे झालें. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत थोडें थोडें सत्य आहे; परंतु खरा प्रश्न दोघांच्याहि दृष्टीआड राहतो. त्या पैशानें माणसाच्या हातांस काम मिळालें काय, आणि त्या कामामुळें तो पुन्हा चारचौघांत बसूं लागला काय, हा तो प्रश्न होय. याचें उत्तर शोधण्यास आमच्या विद्यार्थ्यांनीं फार दूर जावयास नको. अमरावतीचें तपोवन आणि वरोड्याचें आनंदवन या दोन ठिकाणांचा इतिहास पाहिला म्हणजे पुरे.

अमरावती शहरालगत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं कुष्ठरोग्यांकरितां वसाहत स्थापन केली. श्री जगदंबा कुष्ठनिवास हें तिचें नांव; लोक तिला तपोवन म्हणतात. तो काळ कसा होता याची आजच्या मुलांस कल्पना येणें कठीण आहे. रोगाचा पहिला डाग दिसतांच घरचींच माणसें रोग्यास घराबाहेर काढीत, आणि देवळाच्या पायरीवर अगर स्टेशनाच्या वाटेवर हात पसरण्यावांचून त्यास गति उरत नसे. कायदाहि त्याच्या पाठीशीं नव्हता. १८९८ च्या कायद्यान्वयें निराधार कुष्ठरोग्यास पकडून आश्रमांत ठेवितां येत असे. तसेंच खाण्यापिण्याचे जिन्नस किंवा कपडे विकण्यास, सार्वजनिक विहिरीचें पाणी घेण्यास, भाड्याची गाडी हांकण्यास त्यास मनाई करितां येत असे. भीक मागितली तर पकडावें, आणि धंदा करूं म्हटलें तर बंदी घालावी, असा हा दुहेरी न्याय होता! तपोवनांत मात्र रोग्यांस औषधपाण्याबरोबर शेती, विणकाम, सुतारकाम अशीं कामें मिळालीं. स्वतःच्या कष्टाची भाकर खाणाऱ्या माणसाची मान आपोआप ताठ होते, हें पटवर्धनांनीं ओळखिलें होतें.

या कामाशीं युरोपचा संबंध फार जुना आहे. कुष्ठरोगाचे जंतु नॉर्वे देशांतील बर्गन शहरीं डॉ. हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढिले. त्या काळीं नॉर्वेमध्येंहि हा रोग होता. तो कांहीं एकट्या आपल्याच कपाळीं लिहिलेला नव्हता. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८७४ सालीं, वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थानें डब्लिन येथें हिंदुस्थानांतील कुष्ठरोग्यांसाठीं मित्रमंडळींकडून वर्गणी जमविण्यास आरंभ केला. त्या वर्गणींतूनच पुढें ‘लेप्रसी मिशन’ ही संस्था वाढली. आपल्या जिल्ह्यांत परतवाड्याजवळ कोठारा येथें जें रुग्णालय आहे, तें याच संस्थेचें. याच संस्थेनें नाशिक येथें धंदेशिक्षणाची शाळाहि काढिली. कारण, शरीराचा रोग बरा झाला तरी हातांस काम नसेल तर माणूस पूर्ण बरा झाला असें म्हणतां येत नाहीं, हा अनुभव तिला आला होता.

परंतु पैशापेक्षांहि मोठी अशी एक देणगी विदर्भास युरोपकडून मिळाली, ती वरोड्यास. हिंगणघाटचे मुरलीधर देवीदास, म्हणजेच बाबा आमटे, यांनीं १९५१ सालीं पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें व थोडे रोगी यांसह वरोड्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन वसविलें. विहीर खणली, जमीन तयार केली, भाजीपालाहि पिकला. परंतु बाजार मिळेना. रोग्यांच्या हातची भाजी कोणी घेईना. पुढें थोड्याच वर्षांनीं ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे तरुण स्वयंसेवक आनंदवनांत येऊन राहिले. पहिल्या महायुद्धांत उद्ध्वस्त झालेलीं खेडीं पुन्हा बांधण्याच्या हेतूनें पियेर सेरेझोल या स्विस गृहस्थानें १९२० सालीं जें कार्य आरंभिलें, त्यांतून ही संस्था जन्मास आली होती. नाना देशांच्या या तरुणांनीं रोग्यांच्या खांद्यास खांदा लावून इमारती बांधल्या, आणि रोग्यांनीं पिकविलेलेंच अन्न ते रोज जेवले. हें वरोड्याच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. हे परके पाहुणे जेवतात आणि धडधाकट राहतात, मग आपणच कां भ्यावें, असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि हळूहळू आनंदवनाच्या मालास गिऱ्हाईक लाभूं लागलें.

विद्यार्थिमित्रहो, या गोष्टीचें मर्म नीट ध्यानांत घ्या. त्या स्वयंसेवकांनीं विटा रचल्या, परंतु त्यांचें खरें काम त्यांच्या जेवणाच्या पंक्तींत झालें. त्यांनीं भीति मोडली. तथापि भीति मोडल्यावर भाजी विकत घ्यावयास ते वरोड्यास कायमचे राहणार नव्हते. तें काम वरोड्याच्या गृहिणीनें केलें. तिनें ज्या दिवशीं भाजीचे पैसे मोजून दिले, त्या दिवशीं आनंदवनांतील शेतकरी दान घेणारा न राहतां माल विकणारा झाला. पुढें स्वित्झर्लंडच्या ‘स्विसएड’ या संस्थेच्या साह्यानें आनंदवनांत पत्र्याचे डबे करण्याचा कारखानाहि निघाला. तेथेंहि हाच न्याय लागू पडतो. यंत्र परदेशच्या पैशानें येईल. पण डबा विकत घेणारा जवळपासच हवा, नाहीं तर यंत्र गंजून जावयाचें. दानानें माणूस खचतो व कामानें उभा राहतो, अशी बाबा आमट्यांची शिकवण होती. तिला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते कीं, काम उभें राहण्यास शेजाऱ्याचें गिऱ्हाईक लागतें.

युरोपनें स्वतःच्या घरींहि अशीच कसोटी लाविली होती. १९५७ च्या रोमच्या तहानें सहा राष्ट्रें आर्थिक व्यवहारांत एकत्र आलीं, तेव्हां त्यांनीं एक सामाजिक निधि स्थापन केला. बेकार झालेल्या कामगारास नवा धंदा शिकविण्याचा अर्धा खर्च या निधींतून परत मिळावा, व उरलेला अर्धा त्याच्या देशानें सोसावा, असें त्या तहांत ठरलें. शिवाय अट अशी होती कीं, शिकून तयार झालेल्या कामगारास त्या नव्या धंद्यांत निदान सहा महिने प्रत्यक्ष काम मिळालेलें असलें पाहिजे. शाळा काढली, हजेरीपट भरला, प्रमाणपत्रें वांटलीं, एवढ्यावर भागत नसे. शिकलेला मनुष्य कामावर दिसावा लागे. आज त्या निधीचा व्याप फार वाढला आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांकरितां त्यांत सुमारें ९९ अब्ज युरो राखून ठेविले असून, त्यांतून सभासद राष्ट्रांस मिळणाऱ्या रकमेचा निदान चौथा हिस्सा समाजाच्या कडेस पडलेल्यांस पुन्हा समाजांत आणण्यासाठीं खर्च करावा असा दंडक आहे. आणि त्या राष्ट्रांस आपल्या पदरचा वांटाहि घालावाच लागतो. तेव्हां, मदतीबरोबर आपला वांटा मागितला जाणें यांत अपमान कोणता? उलट, ज्या मदतींत घेणाऱ्याचा वांटा मुळींच नाहीं, तीच माणसास मिंधें करून सोडते.

आतां आपल्या आजच्या स्थितीकडे वळूं. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार सुचविला. तीं सहा महिने अगर एक वर्ष नियमानें घेतलीं म्हणजे हा रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस बाधा होण्याचें भय लवकरच नाहींसें होतें. सरकारी दवाखान्यांत हीं औषधें विनामूल्य मिळतात. १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. त्याच वर्षीं दिव्यांगांच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्यानें सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेविल्या, व त्यांत कुष्ठमुक्तांचाहि समावेश केला. २०१९ सालीं, कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण होतें, तेंहि विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यांत आलें. वैद्यानें आपलें काम केलें. कायदेमंडळानेंहि, उशिरा कां होईना, केलें. मात्र रोग संपला असें कोणीं समजूं नये. दहा हजारांमागें एकाहून कमी रोगी उरले, म्हणून २००५ च्या अखेरीचा आंकडा पाहून देशांत निर्मूलनाची घोषणा झाली, आणि पुष्कळांनीं तिचा अर्थ भलताच घेतला. वस्तुतः २०२३ सालीं साऱ्या जगांत जे सुमारें १ लाख ८२ हजार नवे रोगी नोंदले गेले, त्यांपैकीं १ लाखाहून अधिक एकट्या भारतांतील होते.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें प्राप्त आहे. तपोवन, आनंदवन यांसारख्या संस्थांविषयीं मनांत पूर्ण आदर बाळगूनहि असें म्हणावें लागतें कीं, निराळी वसाहत ही समाजानें टाकून दिलेल्यांची सोय होती. ज्या दिवशीं गांवानें माणसास टाकिलें, त्या दिवशीं ती अवश्य झाली. आज औषध घरबसल्या मिळतें. मग गांव सोडण्याचें कारण काय? आपण वर्षातून एकदां वसाहतीस देणगी देतों व आपल्या मनाचें समाधान करून घेतों. पण तो मनुष्य मात्र होता तेथेंच राहतो. म्हणून आमचें मत असें आहे कीं, यापुढें येणारा पैसा, मग तो युरोपचा असो, मुंबईचा असो, कीं आपल्याच खिशांतला असो, तो शक्य तितका गांवच्या शाळेंत, सर्वांच्या धंदेशिक्षणाच्या वर्गांत, आणि सर्वसाधारण दुकानांतील व कारखान्यांतील पहिल्या कांहीं महिन्यांच्या पगारांत खर्च व्हावा.

यावर एखादा व्यापारी म्हणेल, “बोटें वांकलेला मनुष्य गल्ल्यावर बसविला तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाहीं. धर्म करण्यास माझी ना नाहीं, पण दुकान कसें बुडवूं?” हा आक्षेप मनांतला आहे व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. परंतु वांकलेलीं बोटें ही जुन्या दुखण्याची खूण आहे. पडलेल्या जखमेचा व्रण जसा दुसऱ्यास लागत नाहीं, तशीं तीं बोटेंहि लागत नाहींत. आणि गिऱ्हाईक म्हणजे तरी कोण? अमरावतीच्या जवाहर रोडवर अगर अकोल्याच्या टिळक रोडवर खरेदीस जाणारे तुम्ही आम्हीच! आपण पायरी चढलों तर दुकान बुडणार नाहीं. वरोड्याच्या बाजारानें हें पूर्वींच सिद्ध करून दाखविलें आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, ज्यांची दुकानें, जिन-प्रेस, कारखाने अगर कचेऱ्या असतील त्यांनीं एका कुष्ठमुक्त माणसास तरी त्याच्या योग्यतेचें काम देऊन पाहावें. दया म्हणून नव्हे, तर इतर नोकरांप्रमाणेंच काम करून घेऊन व तितकाच पगार देऊन. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, अंगावर फिकट व बधिर डाग दिसला तर तो लपवूं नका. त्वरित डॉक्टरांकडे जा. वर्गांतील एखाद्या मुलाच्या आईबापांस हा रोग झाला होता असें कळलें, तर त्याच्या शेजारचें बाक रिकामें राहूं देऊं नका. लांबच्या देशांतील मुलें येऊन रोग्यांच्या पंक्तीस बसलीं, हें आपण आदरानें सांगतों. आपल्याच वर्गांतील मुलाबरोबर मधल्या सुटींत डबा खाणें त्याहून कितीतरी सोपें आहे, आणि त्याची गरज आज अधिक आहे.