देवाची करणी आणि बॉनेटवर फांदी

उन्हाळ्यात गाडी झाडाखाली लावावी, असे सगळेच सांगतात. झाड गाडीवर पडले की हेच सगळे विचारतात, "पण तुम्ही झाडाखाली लावलीच कशाला?" सावली देणारे झाड आणि सल्ला देणारी माणसे कधी अंगावर येतील, याचा नेम नाही.

आमच्या दारातला गुलमोहर मे महिन्यातल्या एका दुपारी पडला. वारा नव्हता, पाऊस नव्हता, वळवाचा एखादा चुकार ढगसुद्धा नव्हता. जेवून मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात गुलमोहरही झाला. बुंधा कंपाउंडच्या भिंतीवर, थोरली फांदी माझ्या गाडीवर आणि धाकटी खालच्या मजल्यावरच्या तात्यांच्या स्कूटरवर, अशी त्याने आपल्या इस्टेटीची रीतसर वाटणी केली.

पाच मिनिटांत सगळी आळी गोळा झाली. "देवाची करणी, दुसरं काय!" असे म्हणून तात्यांनी निकाल दिला. देवाची करणी आणि नारळात पाणी, इथवर मला मान्य आहे. पण देवाची करणी आणि बॉनेटवर फांदी, हे मी मानायला तयार नाही. या खटल्यात देवाचे वकीलपत्र मी घेतलेले आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात शिरले आणि नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा झोपल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेले, तेव्हाही झाडे पटापट कोसळली. तिथे देवाच्या नावाने बोट मोडायला निदान जागा आहे. आमच्या गुलमोहराचे तसे नाही. हा मूळचा मादागास्करचा पाहुणा, मुळे फार खोल न घालणारा. त्याच्या एका अंगाची मुळे रस्ता रुंद करताना गेली. दुसऱ्या अंगाची कसलीशी केबल टाकताना गेली. उरलेल्या अंगाला बुंध्यापर्यंत फरश्या बसवून वर सिमेंट ओतले. पूर्वी झाडाला आळे असायचे. आता गळपट्टा असतो. पाणी जायला वाट नाही, मुळांना श्वास नाही, आणि झाड पडले की सही मात्र देवाची!

बरे, झाड कलले होते हे कुणाला माहीत नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. मी नगरपालिकेला दोन अर्ज दिले होते. दोन्हींवर 'आवक'चा शिक्का आहे. स्वतः कुऱ्हाड घ्यावी, तर १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आडवा येतो. तो यायलाच हवा. नाहीतर आमच्या आळीत पाखरांना बसायला टीव्हीचे अँटेनेही उरलेले नाहीत. पण झाडाला हात लावायचा नाही हे ज्यांनी मला सांगायचे, त्यांनी स्वतः तरी लावावा की नाही? झाड उभे असते तोवर ते सरकारचे. पडले की ज्याच्या डोक्यावर पडले त्याचे!

आता विमा. माझ्या एजंटाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "साहेब, पुरा विमा घ्या. नुसत्या थर्ड पार्टीत काही अर्थ नाही." तो खरे बोलला होता. (एजंटाबद्दल हे वाक्य लिहिताना माझाही हात थबकला.) १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती आहे ती थर्ड पार्टीचीच, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल तेवढ्याची. तात्यांचा विमा तेवढाच होता. तात्यांच्या स्कूटरने गुलमोहराला इजा केली असती, तर काहीतरी विचार झाला असता. गुलमोहराने स्कूटरला केली, म्हणून तात्यांना छदाम नाही.

माझा विमा पुरा, म्हणून मी फुशारकीत फॉर्म भरायला बसलो. पॉलिसीत आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दंगल, दरड अशी सगळी अरिष्टे नावानिशी हजर होती. झाड काही सापडेना. शेवटी ते 'बाह्य कारणाने झालेला अपघात' या धर्मशाळेत उतरले. फॉर्मात पुढे प्रश्न होते. गाडी कोण चालवत होते? कोणी नाही. वेग किती होता? शून्य. आपली चूक होती का? सौ. म्हणाल्या, "लिहा, हो. मी गाडी उन्हात लावा म्हणत होते."

मग सर्व्हेअर आले. सज्जन माणूस. त्यांनी चहा घेतला, फोटो काढले आणि घसारा सांगितला. गाडी चौथ्या वर्षात, सबब पत्र्यावर २५ टक्के कपात. रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के. काच तेवढी पूर्ण मिळणार. वर पहिले हजार रुपये माझेच. मी विचारले, "झाड चाळीस वर्षांचे होते. त्याच्या वजनावर काही घसारा?" ते म्हणाले, तशी तरतूद नाही.

इथवर मी हसून घेतले. नव्या पत्र्याचे पैसे जुन्या पत्र्याला कसे मिळतील, हा हिशेब कडू असला तरी हिशेब आहे. माझे भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. तीन वर्षे एकही दावा केला नाही म्हणून मला हप्त्यात ३५ टक्के सूट मिळत होती. त्यांच्या भाषेत 'नो क्लेम बोनस'. या एका दाव्यासरशी ती शून्यावर आली. ही सूट म्हणजे जपून गाडी चालवणाऱ्याची पाठ थोपटणे, अशी माझी समजूत होती. मग बंद गाडीवर झाड पडले, यात माझ्या हातून कोणता बेजबाबदारपणा घडला? एजंट म्हणाला, "बोनस वाचवायचं वेगळं कव्हर असतं साहेब, घसारा वाचवायचंही असतं. थोडे जास्त भरायचे." म्हणजे आधी गाडीचा विमा, मग त्या विम्याचा विमा. छत्रीवर धरायला दुसरी छत्री!

सूट चुकीच्या माणसाची जाते, हे माझे म्हणणे आहे. दाव्याचे पैसे दिल्यावर कंपनीला माझ्या जागी उभे राहून मूळ दोषी माणसाकडून वसुली करता येते. माझ्याकडे शिक्का मारलेले दोन अर्ज आहेत. मी ते सर्व्हेअरांपुढे ठेवले. त्यांनी ते अदबीने बाजूला सारून त्यावर कपबशी ठेवली. नगरपालिकेशी भांडण्यापेक्षा माझी ३५ टक्के सूट काढून घेणे केव्हाही सोपे. पण एकदा, फक्त एकदा, अशी वसुली झाली, तर दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक झाडाभोवतीचे सिमेंट फुटेल आणि आळी दिसू लागतील. झाडेही वाचतील, गाड्याही वाचतील आणि देवाची बदनामीही थांबेल.

तोवर मी गुलमोहराच्या जागी, चार फरश्या उखडून, एक कडुनिंबाचे रोप लावले आहे. तात्या त्याला रोज पाणी घालतात आणि स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावतात.

परवा नगरपालिकेचे पत्र आले. माझ्या दोन्ही अर्जांना एकत्रित उत्तर होते : "आपल्या अर्जास अनुसरून स्थळपाहणी केली असता, सदर ठिकाणी धोकादायक झाड आढळून आले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

पत्रात एक अक्षर खोटे नाही, हीच तर पंचाईत आहे.