जुनी जीप : सुधारणा कीं झांकपाक ?

सुधारणा हा शब्द आमच्या समाजांत इतका प्रतिष्ठित आहे कीं, ज्या कृत्याला तो चिकटवावा त्या कृत्याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं. घराची सुधारणा, शाळेची सुधारणा, भाषेची सुधारणा. आक्षेप घेईल तो मागासलेला! हल्लीं या मालिकेंत आणखी एकीची भर पडली आहे. वडिलार्जित जीपगाड्या गोठ्यांतून व पडव्यांतून बाहेर काढून त्यांचें पुनरुज्जीवन करण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत वाढत आहे. हौस चांगली आहे. मलाही ती आहे. परंतु पत्रा ठाकठीक होऊन रंग वाळला, कीं लगेच जो दुसरा अध्याय सुरू होतो, त्याविषयीं मला तक्रार करावयाची आहे. उंच पाटे, लांब शॅकल, अवजड टायर आणि पॉवर स्टिअरिंग हीं चार भूषणें अंगावर चढविल्याशिवाय जीपला मोक्ष नाहीं, अशी समजूत रूढ होत आहे. ही समजूत चुकीची आहे, खर्चाची आहे आणि, सर्वांत वाईट म्हणजे, दुसऱ्याच्या जिवावर उठणारी आहे, असें माझें स्पष्ट म्हणणें आहे.

हें मी तटस्थ टीकाकार म्हणून लिहीत नाहीं. अपराधाचा भागीदार म्हणून लिहीत आहें. माझ्या वडिलांनीं १९६४ सालीं शेतीच्या कामासाठीं जीप घेतली. त्यांच्या पश्चात् ती अनेक वर्षें गांवच्या वाड्यामागें उभी होती. माझ्या पुतण्यानें ती पुन्हां चालती करण्याचा ध्यास घेतला, आणि मीं पैसे दिले. एका कारखानदारानें सल्ला दिला कीं, गाडी चार इंच उचला, रुंद टायर घाला, स्टिअरिंग आपोआप ‘दमदार’ वाटेल. आम्हीं तें केलें. पहिल्याच लांबच्या प्रवासांत, डांबरी रस्त्यावरच्या एका साध्या खड्ड्यांतून पुढचें चाक गेलें मात्र, दोन्ही चाकें अशीं थरथरूं लागलीं कीं, चक्र पुतण्याच्या हातांतून सुटलें आणि गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला गेली. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्या चालकानें प्रसंगावधान राखून आपला ट्रॅक्टर बांधावर घातला, म्हणून आज हा लेख लिहिला जात आहे. गाडी थांबल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, स्टिअरिंगच जुनाट आहे, पॉवर स्टिअरिंग बसवूं.” मीं मान डोलावली नाहीं. ट्रॅक्टरवर चालकाच्या शेजारीं त्याचा लहान मुलगा बसलेला मला दिसला होता.

ही गाडी कशासाठीं जन्मली, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें हलक्या टेहळणी गाडीसाठीं १३५ कारखानदारांकडे मागणी केली. त्यांतून बँटम, विलीज व फोर्ड या तिघांच्या गाड्या पुढें आल्या, आणि १९४५ पर्यंत विलीज व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. युद्धानंतर विलीजनें तिला नागरी वेष दिला. पुढें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्रा कंपनीनें तिची जुळणी सुरू केली, आणि तेथून ती आमच्या मळ्यांत व कचेऱ्यांत शिरली. पुढच्या व मागच्या आंसांमधलें अंतर ८० इंच, डाव्या-उजव्या चाकांमधलें अंतर सुमारें चार फूट, सहा इंच रुंदीचा टायर, नऊ इंची ब्रेक-ड्रम, आणि चारी बाजूंस साधे पोलादी पाटे : या आंकड्यांत एक प्रमाण आहे. ज्यानें हें यंत्र रचिलें, त्याला तें चिखलांतून व ओढ्यांतून जावयाचें आहे हें माहीत होतें. तें महामार्गावर मिरवावयाचें आहे, ही कल्पना त्याला नव्हती.

आतां तिचें स्टिअरिंग पाहा. चालकाचा हात आणि रस्त्यावरचें चाक यांच्यामध्यें एक सांखळी आहे. चक्र, स्टिअरिंग बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, खुंटीवर फिरणारी बेल क्रँक, दोन टाय रॉड आणि शेवटीं किंगपिन. या प्रत्येक सांध्यांत केसाएवढी ढिलाई असली, तरी सर्वांची बेरीज चक्रावर चार बोटें होते. साठ वर्षांच्या गाडीला ही ढिलाई असावयाचीच. परंतु ती बनावटीची उणीव नव्हे. ती झीज आहे. या दोहोंतला भेद न करणें, हें आमच्या सर्व हौशी सुधारकांचें मूळ पाप होय.

आमच्या गांवीं एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्या प्रसंगानंतर मीं त्यांना बोलाविलें. त्यांनीं कोणतेंही यंत्र आणलें नाहीं. इंजिन बंद ठेवून पुतण्याला चक्र थोडें थोडें डावीं-उजवीं हलवावयास सांगितलें आणि स्वत: खालीं निजून एकेका सांध्यावर बोट ठेवीत गेले. जेथें एक भाग हलतो व त्याचा शेजारी क्षणभर उशिरा हलतो, तेथें रोग. मग जॅकवर चाक उचलून त्याला वर व खालीं धरून हिसका दिला. बेल क्रँकची खुंटी झिजून अंडाकृति झाली होती, आणि किंगपिनच्या वरच्या-खालच्या बेअरिंगांचा ताण पार गेला होता. नवी खुंटी, नवीं बेअरिंगें, आणि ताण बेतण्यासाठीं काढघाल करावयाच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, एवढ्यावर काम भागलें. आम्हीं उंची वाढविण्यावर जो खर्च केला होता, त्याच्यापुढें हा खर्च किरकोळ होता. “साहेब, आजारी माणसाला आधीं औषध द्यायचं, का नवा कोट शिवायचा ?” असें त्यांनीं मला विचारलें. प्राध्यापकाला निरुत्तर करण्याचा हा सोपा मार्ग आहे.

उंचीनें आम्हीं काय साधलें होतें, तेंही त्यांनींच दाखविलें. पुढचें चाक ज्या किंगपिनभोंवतीं वळतें, ती वरच्या अंगाला किंचित् मागें कललेली असते. युद्धकालीन जीपमध्यें हा कल तीन अंशांचा होता. सायकलचा पुढचा चिमटा असाच मागें कललेला असतो, म्हणून ती सरळ धांवूं पाहते. या जीपच्या पुढच्या पाट्यांचें शॅकल पुढच्या टोंकाला असतें. तें लांब केलें कीं पाट्याचें पुढचें टोंक झुकतें, त्याबरोबर आंस फिरतो, आणि किंगपिनचा तो मोलाचा कल नाहींसा होत जातो. शिवाय, चासीला जखडलेला स्टिअरिंग बॉक्स आणि पाट्यांबरोबर खालींवर होणारा आंस यांना जोडणारा दुवा गाडी उंच होतांच अधिक तिरपा होतो. मग प्रत्येक खड्ड्याबरोबर चाक चालकाच्या संमतीवांचून थोडें वळतें. झिजलेल्या सांध्यांना या दोन देणग्या मिळाल्यावर दुसरें काय व्हावयाचें होतें ?

आणि तोल ? समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ इंचांवर आहे आणि चाकांमधलें निम्में अंतर २४ इंच आहे. या दोहोंचें प्रमाण ०.९६. गुरुत्वमध्य अवघा ३ इंच वर नेला तर तेंच ०.८६ होतें. वळणावर न उलटण्याची ताकद या प्रमाणांतच सांठविलेली असते. म्हणजे पुंजीचा दहावा हिस्सा आपण ऐटीसाठीं उधळला. रुंद टायर घालून ही तूट भरून निघते असें कोणी म्हणतील. पण तोच अवजड टायर किंगपिनवर, स्टिअरिंग बॉक्सवर आणि नऊ इंची ब्रेकवर जादा भार घालतो, हें ते सांगत नाहींत.

पॉवर स्टिअरिंगचे पुरस्कर्ते येथें पुढें सरसावतील. त्यांना माझें उत्तर असें कीं, पॉवर स्टिअरिंग हाताचे श्रम कमी करतें; सांध्याची ढिलाई कमी करीत नाहीं. उलट, झिजलेला सांधा ज्या धक्क्यानें हाताला इशारा देतो, तो इशाराच तें दाबून टाकतें. थरथर थांबविण्यासाठीं बसवितात त्या स्टिअरिंग डॅम्परचीही तीच गोष्ट : निरोगी गाडीवर तो साहाय्यक, रोगी गाडीवर तो साक्षीदाराचें तोंड बंद करणारा. यालाच मी झांकपाक म्हणतों.

“तर मग तुम्हांला गाडी संग्रहालयांतच ठेवावयाची आहे,” असा टोमणा मला मारला जाईल. तो मला लागू नाहीं. मूळ रूपाची अंधपूजा मी करीत नाहीं. युद्धकाळांत खुद्द सैन्याच्या जीपलाही, आंसाला बसणारा पीळ आवरण्यासाठीं, पुढच्या डाव्या पाट्याखालीं एक जादा पाटा देण्यांत आला होता. ती खरी सुधारणा. कारण आधीं दोष ओळखला गेला आणि मग उपाय योजिला गेला. त्याच न्यायानें, झीज काढल्यावर, मूळ उंचीचे परंतु उत्तम पोलादाचे नवे पाटे घालावे. त्यांना साजेसे नवे शॉक अॅब्सॉर्बर घालावे. चाकांचे कोन मोजून घ्यावे. आजच्या रहदारीला जुने ब्रेक अपुरे आहेत, म्हणून उंचीवर उधळावयाचा पैसा ब्रेकवर खर्चावा. चालविणाराचे खांदे दुखत असतील तर, सर्वांत शेवटीं, चासीला कोठें चीर नाहीं हें तपासून, पॉवर स्टिअरिंगचाही विचार करावा. वस्तु तीच असते. क्रम चुकला कीं ती सुधारणा राहत नाहीं.

कायद्याचाही विसर पडूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, उत्पादकानें दिलेल्या मूळ वर्णनाशीं नोंदणी-पुस्तक विसंगत ठरेल असा बदल करूं देत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ ठामपणें सांगितला. २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊं केली. तीही गाडी नित्याच्या कामाला नव्हे, आणि चासी, सांगाडा वा इंजिन बदललेल्या गाडीला तर हा मान नाहींच. वडिलांची आठवण म्हणून जीप जपावयाची, आणि जिच्यामुळें ती वडिलांची ठरते तें सर्व काढून टाकावयाचें, हा व्यवहार कोणत्या तर्कशास्त्रांत बसतो ?

शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली. लेखकांच्या हातून पिढ्यान् पिढ्या शिरलेले अपपाठ त्यांनीं काढले. स्वत: समर्थ कवि असूनही आपल्या ओव्यांची भर मात्र घातली नाहीं. झिजलेल्या वस्तूशीं कसें वागावें, याचा धडा आमच्या भाषेंत इतका जुना आहे. जीप कांहीं ज्ञानेश्वरी नव्हे, हें मला कळतें; पण अपपाठ कोणता आणि मूळ कोणतें, हें पाहिल्याशिवाय लेखणी वा पाना हातीं धरूं नये, हा नियम दोहोंनाही सारखाच लागू आहे.

आमची जीप आतां पुन्हां मूळ उंचीवर आली आहे. शेजारच्या तरुणांना ती ठेंगणी दिसते. रस्त्यावरून मात्र ती आपल्या अंगानें जाते, आणि समोरून येणाऱ्याला बांधावर चढावें लागत नाहीं.