चार तासांचा दिवस

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला रेक्याविकमध्ये सूर्य उगवतो सव्वाअकरानंतर आणि मावळतो दुपारी साडेतीनला. दिवस जेमतेम चार तासांचा. तेव्हा आइसलँडच्या हिवाळी सहलीचे पत्रक कुणी हातात दिले, तर हॉटेल किती ताऱ्यांचे आहे ते नंतर बघावे. कोणत्या ठिकाणी किती वाजता पोचणार ते आधी बघावे. नाताळच्या सुट्टीतल्या सहलींची जी पत्रके हल्ली आपल्याकडे घरोघर फिरतात, त्यांतल्या अनेकांवर तारीख डिसेंबरची आणि हिशेब जूनचा असतो. जूनमध्ये तिथे रात्री अकरालाही लख्ख उजेड असतो, आणि देशाला वळसा घालणारा १,३२२ किलोमीटरचा रिंग रोड आठवडाभरात ऐसपैस पुरा होतो. तोच रस्ता, तेच मुक्काम, तीच ठिकाणे ठेवून वर ‘नॉर्दर्न लाइट्स’ एवढे दोन शब्द वाढवले की हिवाळी सहल तयार. निदान कागदावर तरी.

रेक्याविकहून योकुल्सारलोन या हिमनदीच्या मुखाशी असलेल्या सरोवरापर्यंतचे अंतर साधारण मुंबई-कोल्हापूरइतके. कोरड्या रस्त्यावर पाच तास लागतात. म्हणजे जाऊन-येऊन दहा तास नुसत्या प्रवासाचे, आणि वाटेत सेल्यालांड्सफॉस, स्कोगाफॉस हे धबधबे व वीक गावाजवळचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. हे सगळे एका दिवसात ‘करून’ रात्री परत, असा बेत डिसेंबरात आखणाऱ्याने घड्याळ पाहिलेलेच नसते. अंधारात स्कोगाफॉस ऐकू येतो, दिसत नाही. संधिप्रकाश मात्र तिथे बराच रेंगाळतो. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर तासभर बऱ्यापैकी दिसते, आणि क्षितिजाला चिकटून चाललेल्या सूर्याचा तिरपा सोनेरी उजेड फोटो काढणाऱ्यांना वेड लावतो. तेव्हा चाराचे सहा तास धरा. सहा तासांत दोन ठिकाणे नीट पाहून होतात. अगदी जवळजवळ असतील तर तीन.

पण महाबळेश्वरपासून लागलेली पॉइंट मोजायची सवय इतक्या उत्तरेला गेल्यावरही सुटत नाही. थिंगवेटलिरला इसवी सन ९३० पासून आइसलँडची लोकसभा उघड्यावर भरत असे. तिथेच उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकत आहेत, आणि त्या ताणाने फाटलेल्या जमिनीतून, दोन्ही बाजूंना काळे कडे ठेवून, वाट जाते. त्या वाटेने तासभर तरी चालावे. बहुतेक बसगाड्या मात्र फोटोपुरत्या थांबतात, कारण पुढे स्ट्रोकुरचा उकळता फवारा आणि गुल्फॉस धबधबा ‘व्हायचे’ असतात. स्ट्रोकुर दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. दोन-चारदा उडेपर्यंत तिथे उभे राहिले तर काही बिघडत नाही.

हिवाळा म्हटल्यावर आपली सारी तयारी थंडीची. लोकरी टोप्या, थर्मल, मांजरपाटाएवढे जाड मोजे. रेक्याविकचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते. लेहचा जानेवारी त्याहून कितीतरी कडक. अटलांटिकमधला कोमट सागरी प्रवाह दक्षिण किनाऱ्याला फार गोठू देत नाही. खरा त्रास वाऱ्याचा आणि ओलीचा. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी त्या पावसाचा पुन्हा बर्फ, आणि पदपथावर काचेसारखा थर. छत्रीचा उपयोग शून्य. अंगात पाणी आणि वारा न शिरणारे वरचे जाकीट हवे, तशीच विजार हवी, आणि बुटांच्या तळव्यांना अडकवायचे काटे हवेत. हे काटे तिथल्या दुकानांत सहज मिळतात. त्यांवाचून मोडलेला हात घेऊन परतण्यापेक्षा तेवढा खर्च परवडतो.

हवामान खाते वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात सांगते, आणि इथे आपली मंडळी फसतात. ‘पंचवीस’ हा आकडा वाचून हायसे वाटते. त्याला ३.६ ने गुणले की ताशी ९० किलोमीटर होतात. अशा वाऱ्यात गाडीचे दार निष्काळजीपणे उघडले, तर ते उलटे दुमडते. हे इतके नेहमीचे आहे की भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात दाराचे हे नुकसान सहसा धरलेले नसते. काचेवर आणि रंगावर बसणारा वाळू-राखेचा मारासुद्धा वेगळे पैसे भरल्याखेरीज धरला जात नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचे. शेंगेन व्हिसासाठी आपण जो किमान ३०,००० युरोंचा विमा काढतो तो औषधोपचाराचा असतो. त्यात गाडीचे दार बसत नाही. त्या व्हिसाबद्दल एवढेच सांगायचे की शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नाताळच्या सुट्टीसाठी नोव्हेंबरात जागे होणाऱ्यांनी त्या वर्षी अलिबागला जावे.

गाडी स्वतः चालवायची असेल तर उजव्या बाजूने चालवणे हा अडचणीचा सर्वांत सोपा भाग. नोव्हेंबरपासून तिथे खिळ्यांचे टायर चालतात. ते आहेत ना, एवढे घेतानाच पाहावे. मधल्या पठारावर जाणारे, क्रमांकाआधी ‘एफ’ असलेले रस्ते हिवाळाभर बंदच असतात, त्यामुळे लांडमानालोयगारचे रंगीत डोंगर वगैरे विसरावेत. उरलेल्या रस्त्यांची स्थिती रस्ते खात्याच्या नकाशावर दिवसभर बदलत राहते, आणि तो नकाशा रोज सकाळी चहाआधी उघडावा. रिंग रोडवर एकपदरी पूल अजूनही आहेत. २०१८ च्या २७ डिसेंबरला नूप्सव्योत्न नदीवरच्या अशाच एका पुलाचा कठडा तोडून पर्यटकांची गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला.

रस्ता बंद असेल तर तो बंद असतो. हे वाक्य मराठी वाचकाला लिहून सांगावे लागते, कारण आडवा लावलेला बांबू बाजूला करून जाण्यात आपल्याला एक विशेष आनंद होतो. आणि इथे पैशांचा प्रश्न येतो. पुढच्या मुक्कामाचे हॉटेल आगाऊ भरलेले, पैसे परत नाहीत. बर्फाच्या गुहेची वेळ ठरलेली, पैसे परत नाहीत. मग हवामान खात्याचा पिवळा इशारा असताना निघायचे, नारिंगी होईपर्यंत पोचू असे म्हणायचे. वादळात माणसे लोटली जातात ती हौसेपेक्षा या परत न मिळणाऱ्या पैशांमुळे. थोडे महाग पडले तरी रद्द करता येईल असेच आरक्षण हिवाळ्यात करावे. सहल कंपनीमार्फत जाणार असाल तर रस्ता बंद झाल्यास काय करणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे.

अडकलेल्यांना काढायला कोण येते, हेही आपल्या पत्रकांत नसते. आइसलँडला लष्कर नाही. ११२ वर फोन गेला की येतात ते लांड्सब्योर्ग संघटनेचे स्वयंसेवक. कुणी शेतकरी, कुणी मास्तर, कुणी सुतार; हातातले काम टाकून, बिनपगारी. सुटका झाल्यावर सहसा बिलही येत नाही. या पथकांना पैसा मिळतो त्याचा मोठा वाटा नववर्षाच्या आधी त्यांनी विकलेल्या फटाक्यांतून. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रेक्याविकचे आकाश जे पेटते, आणि जे पाहायला आपली मंडळी हजारो किलोमीटर उडून जातात, ती खरे तर त्या पथकांची वर्गणी असते. चार लाखांहून कमी वस्तीच्या देशात वर्षाला वीस लाखांवर पाहुणे येतात. आपला बेत उद्धट असेल, तर त्याची किंमत रात्री दोन वाजता अंथरुणातून उठणारा कुणी दुसराच चुकवतो. आम्हांला या सहलींविषयी खटकते ते मुख्यतः हेच.

आता नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा. यांची हमी देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण, अंधार आणि निरभ्र आकाश हे तिन्ही एका वेळी जुळावे लागतात. पहिल्यावर कुणाची सत्ता नाही, दुसरे हिवाळ्यात मुबलक आहे आणि तिसरे त्या देशात दुर्मिळ. म्हणून अरोराच्या अंदाजाचा आकडा पाहण्यापेक्षा हवामान खात्याचा ढगांचा नकाशा पाहावा. बसने किंवा बोटीने नेणाऱ्या अनेक कंपन्या काही न दिसल्यास दुसऱ्या रात्री फुकट नेतात. तेव्हा ती फेरी पहिल्याच रात्री घ्यावी, शेवटच्या रात्रीसाठी राखू नये. आणि घरच्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे की फोटोतला हिरवागार रंग कॅमेऱ्याचा आहे. मंद प्रकाश असेल तर डोळ्यांना तो राखाडी ढगासारखा दिसतो. जोरात असेल तेव्हा मात्र सांगायला लागत नाही.

यासाठी डिसेंबरच हवा असेही नाही. फेब्रुवारी अखेर दिवस दहा तासांचा होतो, मार्चच्या विषुवदिनाला बारा तासांचा. रात्र तरीही पुरेशी काळी असते, विषुवदिनाच्या आसपास अरोराची शक्यता उलट थोडी वाढते, आणि हिमनदीतल्या नैसर्गिक गुहा सहसा मार्चपर्यंत उघड्या असतात. शाळकरी मुले असलेल्यांची मार्चमध्ये परीक्षेने पंचाईत होते हे खरे. पण अशा सहलींत निवृत्त मंडळीही थोडी नसतात. ती नाताळच्या गर्दीत आणि नाताळच्या दरात का जातात, हे एक कोडेच आहे. शिवाय २४ तारखेच्या संध्याकाळपासून तिथली बहुतेक दुकाने आणि खानावळी बंद. शाकाहाऱ्यांना तर ब्रेड, सूप आणि स्किर नावाचे घट्ट दही यांवर भागवायचे असते, आणि सुपरमार्केट बंद असले की तेही नाही. चिवडा-लाडवांची पिशवी इथे हास्यास्पद नव्हे.

ज्वालामुखीबद्दल सगळेच विचारतात. तो बेतात धरता येत नाही, पण त्याच्याभोवती बेत आखता येतो. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्रिंडाविक गाव एका रात्रीत रिकामे करावे लागले. १८ डिसेंबरला जमीन फाटली, जानेवारीत लाव्हाने गावातली तीन घरे जाळली, ८ फेब्रुवारीला गरम पाण्याची मुख्य वाहिनी जळाली आणि वीस हजारांहून अधिक माणसे ऐन थंडीत उबेविना राहिली. पुढच्या नोव्हेंबरात ब्लू लगून या गरम पाण्याच्या तलावाचे वाहनतळच लाव्हाखाली गेले. केफ्लाविकचा विमानतळ मात्र या साऱ्यात चालू राहिला, कारण भेगेतून वाहणाऱ्या या लाव्हात राख फारशी नसते. २०१० मध्ये युरोपची विमाने जमिनीवर आणणारा स्फोट बर्फाच्या टोपीखाली झाला होता. वितळलेले पाणी आणि लाव्हा एकत्र आले की राख होते. तेव्हा ज्वालामुखीची बातमी आली म्हणून तिकीट रद्द करू नये, आणि ज्वालामुखी पाहायला म्हणून तिकीट काढूही नये.

काळा कातळ पाहायचाच असेल, तर आपण त्याच्यावरच राहतो. रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावरचे षट्कोनी बसॉल्टचे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे नातेवाईक आहेत. तिथले तरुण, इथले साडेसहा कोटी वर्षांचे. फरक असा की रेनिसफ्याराला समुद्र आहे, आणि एखादी लाट कसलीही सूचना न देता पंधरा-वीस मीटर पुढे येऊन माणूस उचलून नेते. जीव गेले आहेत, म्हणून तिथे धोक्याचे दिवेही बसवले आहेत. खांबांकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणारा आपल्या देशातला असण्याची शक्यता बरीच, म्हणून हा परिच्छेद.

राहता राहिला राखीव दिवस. सात दिवसांच्या सहलीत किमान एक दिवस, जमल्यास दोन, काहीही न ठरवता ठेवावेत. त्या दिवशी वादळ असेल तर गावातल्या सार्वजनिक तरणतलावावर जावे. जमिनीखालच्या उष्णतेने तापलेले पाणी, वरून पडणारा बर्फ, आणि गळ्यापर्यंत बुडून राजकारण बोलणारे स्थानिक लोक. ब्लू लगूनच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी पैशांत. अट एकच. पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडेही उतरवून, सगळ्यांसमोर साबणाने आंघोळ करावी लागते, आणि कुठे कुठे घासायचे याचे चित्र भिंतीवर लावलेले असते. आपल्या मंडळींची इथे त्रेधा उडते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी आडोसा मिळतो; विचारायला लाजू नये.

परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम रेक्याविकऐवजी केफ्लाविकला ठेवावा. २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचा हमरस्ताच बर्फाने बंद पडला होता आणि हजारो प्रवासी दोन्ही टोकांना अडकले होते. पाहण्यासारखे केफ्लाविकमध्ये फारसे काही नाही. तरणतलाव आहे.